कानाच्या ऑपरेशनआधी सीटीत रक्तवाहिन्या कशा शोधतात

कानाच्या ऑपरेशनआधी सीटी सांगितला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पडद्याला भोक आहे हे डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलंय ना, मग आता हे कशाला?" परळला, सायनला, मुंबई सेंट्रलला, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ईएनटी ओपीडीबाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसलात तर हा प्रश्न कानावर पडेलच. तो रास्तही आहे. बाहेर सीटी करायचा तर पैसे लागतात, पालिकेच्या हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत दिवस जातात आणि विरार-बदलापूरहून येणाऱ्याचा कामाचा एक खाडा होतो.

उत्तराचा अर्धा भाग बहुतेकांना समजावलेला असतो: आजार किती आतवर गेलाय, हाड कुठे कुरतडलं गेलंय हे सीटीत कळतं. दुसरा अर्धा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. कानाच्या आजूबाजूने मोठ्या रक्तवाहिन्या जातात आणि त्या प्रत्येकाच्या नेमक्या एकाच जागी नसतात. मी रेडिओलॉजीत काम करते, ही चित्रं रोज बघते आणि माझ्या मते रुग्णाला हा भाग आधी कळायला हवा.

कानाच्या पाळीमागे बोट दाबलंत की टणक उंचवटा लागतो. तो मास्टॉइड. बाहेरून टणक असला तरी निरोगी माणसात तो आतून हवेच्या बारीक कप्प्यांनी भरलेला असतो. या कप्प्यांच्या मागच्या बाजूने सिग्मॉइड सायनस नावाची रुंद शीर खाली उतरते. मेंदूतून परत येणारं अशुद्ध रक्त ती वाहून नेते. खाली आल्यावर ती वळते, तिथे तिला एक गोल फुगवटा असतो, त्याला जुग्युलर बल्ब म्हणतात, आणि तिथून ती मानेत उतरते. हा फुगवटा बरोबर मधल्या कानाच्या, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीच्या, जमिनीखाली येतो. मधल्या कानाच्या पुढच्या भिंतीला लागून इंटर्नल कॅरोटिड धमनी वर चढते. ही मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी. म्हणजे मागे शीर, खाली शिरेचा फुगवटा, पुढे धमनी, आणि मधोमध ती जागा जिथे सर्जनला काम करायचं असतं.

बहुतेकांच्या कानात या तिघांवर हाडाचा पापुद्रा असतो, म्हणून निभावतं. काहींच्या कानात तो अगदी पातळ असतो, काहींच्या कानात एखाद्या ठिकाणी नसतोच. काही वेळा वाहिनीच आपली नेहमीची वाट सोडून पुढे किंवा वर सरकलेली असते. याला आजार म्हणत नाहीत. माणूस ऐंशी वर्षं जगतो आणि त्याला याचा पत्ताही लागत नाही. भीती फक्त एकाच वेळी असते, जेव्हा तिथे कुणाचं हत्यार जातं.

मास्टॉइडच्या ऑपरेशनमध्ये सर्जन मायक्रोस्कोपखाली ड्रिलने हाड कोरत आत जातो. सिग्मॉइड सायनसजवळ आल्यावर वरचं हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ होतं आणि त्यातून शिरेचा निळसर रंग दिसायला लागतो. अनुभवी हात इथे ड्रिलचं धारदार टोक, म्हणजे बर, काढून डायमंड बर लावतो आणि वेग उतरवतो. पण ही शीर अपेक्षेपेक्षा बरीच पुढे असेल, तर निळा रंग दिसण्याची वेळ फार लवकर येते आणि धारदार बर अजून ड्रिलवरच असतो. शिरेला धक्का लागला तर भसकन रक्त येतं. दाबून, रक्त थांबवणारी जाळी ठेवून ते बहुतेक वेळा आटोक्यात येतं, पण पुढचं काम अवघड होतं, कधी अर्धवट सोडावं लागतं. उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाण्याचाही धोका असतो. भूल देणारे डॉक्टर त्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

सिग्मॉइड पुढे सरकण्याचं एक कारण आपल्याकडे जास्त दिसतं. लहानपणापासून कान फुटत असेल तर मास्टॉइडमधल्या हवेच्या कप्प्यांची वाढ नीट होत नाही, हाड आक्रसतं आणि घट्ट होतं. अशा आखूड मास्टॉइडमध्ये मागून शीर पुढे आलेली आणि वरून मेंदूचं आवरण, म्हणजे ड्युरा, खाली उतरलेलं, असं दोन्ही सापडतं. म्हणजे ज्याला ऑपरेशनची गरज जास्त, नेमकी त्याच्याच कानात सर्जनला जागा कमी.

जुग्युलर बल्बची गोष्ट थोडी वेगळी आहे. जन्मतः हा फुगवटा नसतोच. मूल उभं राहून चालायला लागल्यानंतर, साधारण दोन वर्षांच्या पुढे तो तयार होतो आणि नंतर वाढत जातो. बहुतेकांत उजव्या बाजूचा मोठा असतो, कारण डोक्याच्या वरच्या बाजूचं बरंचसं रक्त उजवीकडून खाली उतरतं. काहींत तो इतका वर येतो की मधल्या कानाच्या जमिनीतून डोकं वर काढतो, आणि वरचं हाड नसेल तर थेट पडद्याला टेकतो. मग कानात बघताना पडद्याच्या खालच्या भागात निळसर छटा दिसते. पडद्यामागचं पाणी काढायला पडद्याला छोटा छेद देतात किंवा ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात, ते काम पाच-दहा मिनिटांचं. पण छेद नेमका त्या निळ्या भागात गेला तर त्या पाच मिनिटांच्या कामात शीर फुटते. पडदा बसवण्याच्या ऑपरेशनमध्ये खालच्या बाजूची कातडी उचलतानाही हाच धोका असतो.

सगळ्यात जपावं लागतं ते जागा सोडलेल्या कॅरोटिडला. हे फार दुर्मीळ आहे, पण एकदा वाचलं की कुठलाही ईएनटी डॉक्टर विसरत नाही. गर्भात मानेतल्या कॅरोटिडचा एक तुकडा नीट तयार झाला नाही, तर रक्त दुसरी वाट शोधतं. एरवी केसासारख्या बारीक राहणाऱ्या दोन वाहिन्या मोठ्या होतात आणि धमनी मधल्या कानातून वाट काढते. अशा माणसाला कधी कानात नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज ऐकू येतो, कधी काहीच जाणवत नाही. पडद्यामागे लालसर गोळा दिसतो. मधल्या कानातल्या ग्लोमस नावाच्या गाठीचा रंगही लालच असतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. गाठ समजून कुणी तुकडा तपासायला घेतला तर सुरी जाते ती मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत. म्हणून पडद्यामागे लाल किंवा निळं काही दिसलं तर सीटी बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. त्याला अपवाद नाही.

यानंतरची वाहिनी लहान आहे, पण मला तिचं नेहमी नवल वाटतं. मधल्या कानातलं स्टेपीज हे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, उंची साधारण तीन मिलिमीटर, आकार घोड्याच्या रिकिबीसारखा. दोन पायांमध्ये मोकळी फट. ही फट कशासाठी? गर्भाच्या पहिल्या महिन्यांत तिथून स्टेपीडियल नावाची धमनी जात असते आणि हाड तिच्याभोवती तयार होतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास धमनी नाहीशी होते, फट उरते. हजारात चार-पाच कानांत, कदाचित त्याहूनही कमी, ती धमनी जन्मभर तशीच राहते. स्टेपीजच्या ऑपरेशनमध्ये ती अचानक समोर आली तर पंचाईत होते, आणि ती तोडावी की राहू द्यावी हा विचार टेबलावर पहिल्यांदा करायची वेळ कुणावरही येऊ नये.

सीटीत ही धमनी स्वतः सहसा दिसत नाही, इतकी ती बारीक असते. दिसते ती तिची खूण. कवटीच्या तळाला फोरामेन स्पायनोसम नावाचं छोटं गोल छिद्र असतं. मेंदूच्या आवरणाला रक्त देणारी धमनी त्यातून वर जाते. स्टेपीडियल टिकून राहिली असेल तर ती आवरणाची धमनी तिच्यातूनच निघते, त्यामुळे त्या बाजूचं छिद्र नसतं. चेहऱ्याच्या नसेची हाडातली वाटही जराशी रुंद दिसते. छिद्र नाही म्हणजे धमनी आहेच, असं मात्र नाही. काहींत छिद्र नुसतंच नसतं. पण रिपोर्टात ती ओळ असली की सर्जन आत जाताना सावध असतो.

याशिवाय मास्टॉइडच्या मागे हाडातून बाहेर येणारी एक एमिसरी शीर असते. ती मोठी असेल तर कानामागे चीर देतानाच रक्त येतं. हाडावर लावायचं मेण तयार ठेवलं की काम भागतं.

आता हे सगळं सीटीत दिसतं कसं, ते.

गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड या इंग्लिश इंजिनीअरच्या मशिनवर पहिल्या रुग्णाचा सीटी १९७१ साली लंडनमध्ये झाला. १९७९ चं नोबेल त्याला आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळालं. सीटीतला करडा रंग मोजायच्या एककालाही हाऊन्सफिल्डचंच नाव आहे. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, दाट हाडाला १००० च्या वर. कानात हवा आणि हाड शेजारी शेजारी असल्याने चित्र अतिशय लख्ख येतं. त्याआधी मास्टॉइडचा साधा एक्स-रे काढत, शूलर व्ह्यू म्हणतात त्याला. त्यातही सिग्मॉइडची रेघ कुठे आहे याचा अंदाज येतो, पण ते सगळं एकावर एक पडलेल्या सावल्यांतून वाचावं लागतं.

कानासाठी जो सीटी लागतो त्याला एचआरसीटी टेम्पोरल बोन म्हणतात. त्यात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे काप घेतात. डोक्याच्या नेहमीच्या सीटीचे काप पाच मिलिमीटरच्या आसपास असतात, आणि इथेच लोक फसतात. भांडुपच्या एक मावशी मुलाला घेऊन आल्या होत्या, हातात जाडजूड पाकीट. सीटी झालेला होता, पण डोक्याचा. "अहो मॅडम, डोक्याच्या सीटीत कान येतोच ना?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. कान येतोच. पण ज्या हाडाच्या पापुद्र्याबद्दल आपण बोलतोय तो मिलिमीटरभरही जाड नसतो. पाच मिलिमीटरच्या कापात तो शेजारच्या हवेत आणि रक्तात मिसळून जातो, आणि असलेलं हाड नसल्यासारखं दिसतं. त्यांना दुसरा सीटी करावा लागला, पुन्हा पैसे भरून. चिठ्ठीवर कुणीतरी नुसतं "सीटी" लिहून दिलं होतं. एवढ्या एका अपुऱ्या शब्दापायी त्या घराला भुर्दंड पडला, याचा मला अजून राग येतो.

मशिनवर झोपवल्यावर टेक्निशियन हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगतो. डोळ्याच्या भिंगावर कमी किरण पडावेत म्हणून. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत होतो. नंतर काम सुरू होतं ते कॉम्प्युटरवर.

वाचताना मी खालून वर जाते. आधी मानेच्या जवळचे काप: मागे जुग्युलरची गोल जागा, पुढे कॅरोटिडची, दोघांमध्ये हाडाची एक छोटी पाचर. ही पाचर दोन्ही बाजूंना शाबूत आहे का ते बघायचं. मग एकेक काप वर. उजवीकडचा बल्ब किती वर येतोय? कोक्लियाचा, म्हणजे आतल्या शंखाचा पहिला वेढा दिसायला लागला तरी बल्ब संपलेला नसेल तर तो उंच आहे अशी नोंद होते. बल्बच्या छतावर पांढरी रेघ सलग आहे का? कॅरोटिड चढता चढता आडवी वळते, ती शंखाच्या पुढेच राहतेय ना, की शंखाच्या बाहेरच्या बाजूने मधल्या कानात शिरतेय? मागे सिग्मॉइड, आणि बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या कानाच्या नळीची मागची भिंत. या दोघांमध्ये ड्रिलला किती जागा उरते, ते मिलिमीटरमध्ये मोजते. शेवटी कवटीच्या तळाची छिद्रं, दोन्ही बाजूंची, तुलना करून. हेच सगळं परत उभ्या कापांत.

अडचण येते ती कान आजाराने भरलेला असतो तेव्हा. वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते रंगाचं औषध न देता केलेल्या सीटीत रक्ताचा हाऊन्सफिल्ड आकडा साधारण ४० असतो आणि कानाच्या सुजलेल्या अस्तराचा, पू-घाणीचाही त्याच आसपास. म्हणजे मधल्या कानातला करडा गोळा आजार आहे की वाहिनी, हे रंगावरून सांगता येत नाही. तिथे एकच उपाय, गोळ्याचा माग काढायचा. काप खाली-वर सरकवत बघायचं की तो कुठे जातो. आजार कुठेतरी संपतो. वाहिनी मात्र कुठल्या तरी हाडाच्या बोगद्यात शिरते आणि पुढे चालू राहते. हे काम फिल्मवर छापलेल्या वीस-तीस चित्रांत होत नाही, त्याला सगळे काप हवेत, आणि ते शेकड्यांनी असतात.

आणखी एक गोष्ट सर्जनना आम्ही मोकळेपणाने सांगतो. फार पातळ हाड सर्वांत चांगल्या सीटीतही हरवू शकतं. म्हणून रिपोर्टात "हाड अतिशय पातळ किंवा नाही" असं लिहिलेलं दिसलं तर ती टाळाटाळ समजू नका. आम्हाला खरोखर तेवढंच कळलेलं असतं. सर्जनने तिथे हाड नाहीच असं धरून चालावं.

खरा फायदा होतो तो फोनवर. "मॅडम, डाव्या कानाचं मास्टॉइड आहे उद्या, सिग्मॉइड कसा वाटतो?" "सर, खूप पुढे आहे, नळीच्या भिंतीपासून जेमतेम चार मिलिमीटर. ड्युराही खाली आहे." "मग पुढूनच जातो, एंडोस्कोपने." एवढंच बोलणं होतं, आणि दुसऱ्या दिवशीचा सगळा बेत बदलतो. कानाच्या नळीतून दुर्बिणीने काम केलं की मागच्या शिरेच्या वाटेला जावंच लागत नाही. मागूनच जायचं ठरलं तर सुरुवातीपासून डायमंड बर, रक्ताची पिशवी राखून ठेवणं, नातेवाइकांना आधी नीट सांगणं. बल्ब उंच असेल तर ग्रोमेट वरच्या-पुढच्या भागात.

म्हणून काय प्रत्येक कानाला सीटी हवा? माझं मत, नाही. कोरडा कान, पडद्याच्या मधोमध भोक, पहिलंच ऑपरेशन, मायक्रोस्कोपखाली आत सगळं स्वच्छ दिसतंय, अशा वेळी बरेच सर्जन सीटीशिवाय पडदा बसवतात आणि ते योग्यच आहे. हाड कुरतडणारा आजार, दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, जन्मतः कानाची ठेवण वेगळी असणं, पडद्यामागे रंगीत गोळा, नाडीबरोबर वाजणारा कान आणि कोक्लियर इम्प्लांट (ऐकू यावं म्हणून शंखात तार सरकवून बसवायचं यंत्र), इथे मात्र सीटी टाळू नये.

नाडीबरोबर वाजणाऱ्या कानाची एक साधी तपासणी डॉक्टर ओपीडीतच करतात. त्याच बाजूची मान हलकेच दाबल्यावर आवाज थांबला तर तो बहुधा शिरेचा. सिग्मॉइडवरचं हाड झिजलेलं असलं तर असा आवाज येऊ शकतो. इथे रंगाचं औषध देऊन वाहिन्यांचा सीटी किंवा एमआरआय करतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) तपासतात, मधुमेहाच्या गोळ्या आणि अ‍ॅलर्जीबद्दल विचारतात. ते खरं खरं सांगा. नुसत्या एमआरआयवर मात्र काम भागत नाही, कारण त्यात हाड नीट दिसत नाही आणि इथे सगळा प्रश्न हाडाच्या पापुद्र्याचा आहे.

इम्प्लांटच्या मुलांचे दोन्ही करतात. एमआरआयमध्ये ऐकण्याची नस आहे का ते दिसतं, सीटीत हाड आणि वाहिन्या. इम्प्लांटची तार शंखाच्या गोल खिडकीजवळून आत सरकवायची असते, आणि उंच बल्ब नेमका त्या खिडकीवर येऊन ती झाकू शकतो. मागून तिथे पोचायची वाट सिग्मॉइड आणि नळीच्या भिंतीमधूनच आहे. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. केंद्राच्या योजनेतून इम्प्लांटसाठी धडपडणारे कितीतरी आईबाप तिथे भेटतील. त्यांचा दुसरा प्रश्न असतो किरणांचा. डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (किरणांचं प्रमाण मोजायचं एकक) किरण लागतात, आणि जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. कानाचा सीटी नीट ठरवून केला तर त्या दोन मिलिसिव्हर्टच्या आतही बसतो. मुलाला विनाकारण दोनदा सीटी करायला लावू नये, हे मात्र शंभर टक्के खरं. म्हणून पहिलाच सीटी योग्य चिठ्ठीवर, योग्य प्रकारचा व्हावा.

मुंबईत सीटी एकीकडे आणि ऑपरेशन दुसरीकडे, हे सर्रास चालतं. म्हणून फिल्मच्या पाकिटातली सीडी जपा. घडी पडलेली फिल्म आणि दोन पानी रिपोर्ट घेऊन येणारे खूप असतात, सीडी घरी टीव्हीच्या कपाटात राहते. सीडी मिळालीच नसेल तर सेंटरमध्ये मागा. चिठ्ठी देताना डॉक्टरांना विचारा की "कोणता कान, कोणतं ऑपरेशन" हे त्यावर लिहिलंय का, कारण ऑपरेशन कुठलं हे कळलं की आम्ही कुठे जास्त वेळ द्यायचा ते आम्हालाही कळतं. फिल्मवर उजव्या बाजूची खूण असते, ती रिपोर्टाशी जुळते का हेही बघून घ्या.

मोठ्या माणसाच्या वाहिन्या वर्ष-दोन वर्षांत जागा बदलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता जुना सीटी उपयोगी पडतो. नवा मागितला जातो तो आजार किती पसरला हे बघायला. पण त्याच कानाचं आधी ऑपरेशन झालं असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या वेळी सिग्मॉइडवरचं हाड ड्रिलने आधीच निघालेलं असू शकतं आणि शीर नुसत्या व्रणाखाली असते. अशा वेळी नवा सीटी लागतोच, आणि सोबत पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स. डिस्चार्ज कार्डावर हा तपशील सहसा नसतो. त्यासाठी जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात केसपेपरचा नंबर देऊन ऑपरेशन नोट्सची प्रत वेगळी मागून घ्यावी लागते, ती नव्या सर्जनच्या हातात तारीख ठरायच्या आधी पोचायला हवी.